दुसऱ्या भागाचा शेवट

दुसरा भाग वाईट निघाला, ही माझी तक्रार चौदाव्या वर्षापासूनची आहे. आता मी अठ्ठावीसची झाले, वर्गात मुलांना मराठी शिकवते, आणि तरीही त्या पुस्तकाचा विषय निघाला की माझा आवाज चढतो. मालिकेचं नाव सांगत नाही. लेखिका अजून लिहितात, आणि त्यांच्याशी भांडायला मला तोंड राहिलेलं नाही.

मालिका तीन भागांची होती. पातळ पुस्तकं, मुखपृष्ठावर निळं पाणी आणि पाठमोरी मुलगी. शहरातली एक मुलगी दर उन्हाळ्याच्या सुट्टीत कोकणात आत्याकडे जाते. तिथं होडी वल्हवणारा एक मुलगा असतो. एका भागात एक उन्हाळा, असा हिशेब. पहिला भाग इतका गोड होता की आमच्या वरवट बकालच्या बायका, ज्यांनी समुद्र जन्मात पाहिला नव्हता, त्या महिनाभर भरती-ओहोटीबद्दल बोलत होत्या. "आपल्या धरनाएवढा असन का वं तो समुद्र?" असं माझ्या आईनं विचारलं होतं. मीही पाहिलेला नव्हता, त्यामुळे हो म्हणून सांगितलं.

त्या बायका पुस्तकापर्यंत कशा पोचल्या, ते आधी सांगायला हवं. आमच्याकडे उन्हाळ्याचे पापड एकेकट्या घराचे होत नसत. आज आमच्याकडे, उद्या मोठ्या आईकडे, परवा शेजारच्या काकूकडे, असं आळीपाळीनं चालायचं. सकाळी उडदाचं पीठ कुटून व्हायचं आणि दुपारी जेवणं आटोपली की सगळ्या जणी पोळपाट-लाटणं घेऊन ओट्यावर बसायच्या. त्यात एकीनं वाचायचं आणि बाकीच्यांनी लाटायचं, हा नियम माझ्या जन्माच्या आधीपासूनचा. वाचणारीला लाटायची सूट असे, पण तेलात बुडवलेल्या लाट्या खायला इतरांइतक्याच मिळत. माझा पापड कधी गोल झाला नाही. शेवटी मोठी आई म्हणाली, "हिच्या हातात पुस्तक द्या वं, पीठ तरी वाचन." तेव्हापासून ते काम कायमचं माझ्याकडे आलं.

मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. तिची मुलगी, माझी ताई, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. आमच्या दोन्ही घरांचा ओटा एकच होता. ताईचे पापड असे निघायचे की ते वाळत घातल्यावर कोणते तिचे हे लांबून ओळखू यावं. बारावी झाल्यावर मोठ्या बाबांनी तिला पुढं शिकवलं नाही. तिनं वाद घातला नाही. ती वाद घालायचीच नाही कुणाशी, आणि मला ते तेव्हाही आवडत नसे.

पहिला भाग आमच्या घरी आणला तो शेजारच्या काकूच्या भाच्यानं. तो अकोल्याचा. सुट्टीत मामाकडे यायचा. त्या वर्षी तो एकोणीस-वीसचा असेल आणि ताई अठराची. पुस्तक त्यानं माझ्या हातात दिलं, "तुले वाचाले आणलं" म्हणाला, आणि बघत होता ताईकडे. मी तेरा वर्षांची होते, पण इतकी बावळट नव्हते.

त्या दोघांमध्ये फार काही झालं असं कुणी समजू नये. तो हापशावर पाणी भरायला यायचा, ज्या घरात नळ होता त्या घरातून. ती कळशी घेऊन जायची. चार वाक्यं व्हायची. एकदा त्यानं आमचा बंद पडलेला पंखा दुरुस्त केला आणि ताईनं त्याला सरबत दिलं. एवढंच. पण त्या चार वाक्यांसाठी वेळ ठरवावी लागे, आणि ताईजवळ फोन नव्हता. घरातला एकुलता एक फोन मोठ्या बाबांच्या खिशात असायचा. मग निरोप्याचं काम माझ्याकडे आलं. मी मोठ्या हुशारीनं त्याची एक युक्ती काढली.

निरोप मी सगळ्यांच्या देखत द्यायचे, पुस्तकातून. वाचता वाचता मध्येच घालायचे, की मग तो साडेपाच वाजता पाण्याच्या वाटेवर उभा राहिला. पुस्तकात असं काही नसायचं. खोटं वाचताना मला हसू फुटायचं, म्हणून मी मांडीवरचं पुस्तक उचलून तोंडापुढं धरायचे. तेवढ्यावरून ताईला कळायचं. पुस्तक वर गेलं की पुढचं वाक्य तिचं. आई, मोठी आई, काकू, सगळ्या लाटत असायच्या आणि "बरं झालं बाप्पा, आला एकदाचा" म्हणायच्या. ताई मान खाली घालून लाटत राहायची. साडेपाचला कळशी उचलायची. असं त्या उन्हाळ्यात चार-पाच वेळा झालं असेल.

पहिल्या भागाच्या शेवटी तो होडीवाला मुलगा धक्क्यावर उभा राहून म्हणतो, पुढच्या वैशाखात. अकोल्याचा मुलगाही जाताना ताईला तसंच काहीसं म्हणाला. ते मला ताईनंच सांगितलं, आणि सांगताना तिचे कान लाल झाले होते. मी त्याच दिवशी ठरवून टाकलं की हे दोघं म्हणजे ते दोघं.

पुढचा उन्हाळा आला. चैत्र संपत आला तरी शेजारी भाचा दिसेना. काकूनं सहज सांगितलं, की त्याचे कसले तरी क्लास आहेत, यंदा जमतं की नाही कोण जाणे. ताईनंही ते ऐकलं. त्याच आठवड्यात तिला पाहायला धामणगाव बढ्याहून माणसं आली.

मुलाच्या घरचा भाजीपाल्याचा मळा होता आणि तो स्वतः ते सगळं पाहायचा. काळासावळा, थोडा लाजरा. पोहे खाऊन झाल्यावर त्यानं आपली बशी स्वतः उचलून आत आणून ठेवली. बैठकीतले सगळे पुरुष त्याच्याकडे बघत राहिले. ताई स्वयंपाकघरात होती, तिनं ती बशी घेतली. संध्याकाळी मी विचारलं, कसा वाटला. ती म्हणाली, "मानूस बरा हाये वं." थोडं थांबून म्हणाली, "लई बरा हाये." त्यांच्याकडून पसंती आली होती. अक्षय तृतीयेच्या आत काय ते कळवा, असा निरोप होता. मोठ्या बाबांनी, सगळ्यांना नवल वाटावं असं, ताईला विचार करायला वेळ दिला. म्हणाले, पोरीची मर्जी पाहू.

आणि नेमका तेव्हाच मला संग्रामपूरच्या वाचनालयात दुसरा भाग मिळाला. आठ दिवसांत परत करायचा होता. एसटीत बसल्या बसल्या मी वाचायला सुरुवात केली, आणि त्याच दिवशी घराच्या मागच्या खोलीत तो संपवून मोकळी झाले.

काय सांगू, काय केलं होतं त्या बाईंनी. पहिल्या भागात मुलाच्या डाव्या भुवईवर व्रण होता, तो इथं उजवीकडे गेला. आत्याचा कुत्रा, ज्यानं अख्खं एक प्रकरण व्यापलं होतं, तो कुठं गेला याचा पत्ता नाही. पहिली साठ पानं मुलगी शहरात बसून मैत्रिणींशी कपड्यांबद्दल बोलते. मग ती एकदाची कोकणात पोचते, तर मुलगा तिथं नाही. बंदरावर कामाला गेलाय म्हणतात. ती रोज धक्क्यावर जाऊन बसते. पानंच्या पानं नुसतं पाणी आणि पक्षी. शेवटी शेवटची होडीही येते, त्यातूनही तो उतरत नाही. ती उठते, घरी जाते, आत्याला भांडी घासू लागते, आणि पुस्तक संपतं. मी पान उलटून पाहिलं. पुढं कोरं होतं. मला वाटलं, छापणारानं पानं गाळली असावीत.

मला इतका संताप आला की जेवण गेलं नाही. वर्षभर वाट बघायला लावून हे द्यायचं? पण संतापापेक्षा भीती जास्त होती. दुसऱ्या दिवसापासून मोठ्या आईकडचे पापड होते, पुस्तक आल्याचं सगळ्यांना कळलं होतं, आणि ताईनं सकाळीच मला विचारलं होतं, "येते का वं तो?" मी म्हटलं, वाचू तेव्हा कळेल.

दोन दुपारी मी जसं होतं तसं वाचलं. बायका वैतागल्या. "हे पोट्टी नुसती बसूनच राह्यली," काकू म्हणाली. "मले त वाटते तो पोट्टा लबाड निंगाला," मोठी आई म्हणाली. ताईचं लाटणं तेव्हा जरा थांबलं. तिसऱ्या दुपारी शेवटचं प्रकरण आलं. मी ताईकडे पाहिलं. तिच्या पोळपाटावरचा पापड एका बाजूनं फाटला होता. तिच्या हातून पापड फाटलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

मला ते सहन झालं नाही. शेवटची दोन पानं मी मनानंच रचून वाचली. वैशाख पौर्णिमा होती, असं मी वाचलं. सगळ्यांनी आशा सोडली होती. पण तो शब्दाचा पक्का होता. पौर्णिमेला चारच्या एसटीनं तो उतरला.

"एसटी?" आई म्हणाली. "होडीनं येते ना तो?"

"किनाऱ्यापर्यंत एसटीच असते," मी ठोकून दिलं. मला दुसरी कुठली गाडी सुचलीच नाही. आमच्या गावाला चार वाजता शेगावकडून एसटी यायची, तीच डोक्यात होती. सगळ्या जणी खूश झाल्या. मोठी आई म्हणाली, "उगाच लबाड म्हटलं माय मी त्याले." ताई हसली. किती दिवसांनी हसली ती, आणि मला वाटलं, त्या लेखिकेला जे जमलं नाही ते मी दोन मिनिटांत केलं. पुस्तक मी दुसऱ्याच दिवशी वाचनालयात परत देऊन टाकलं, कुणी चाळू नये म्हणून.

अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी ताईनं धामणगाव बढ्याच्या स्थळाला नाही म्हणून सांगितलं. कारण विचारलं तर दिलं नाही. मोठे बाबा रागावले, मोठी आई रडली. मलाही धक्का बसला, पण खरं सांगायचं तर आतून थोडा आनंदही झाला. होडीवाल्याच्या बाजूनं होते मी.

पौर्णिमेच्या दिवसाचं मला एवढंच आठवतं, की ताईनं सकाळी न्हाऊन केस मोकळे वाळवले होते आणि साडेतीनच्या उन्हात ज्वारीचा डबा घेऊन दळणाला निघाली होती. मोठी आई म्हणाली, या उन्हात काऊन जातं? ती म्हणाली, गर्दी नसते. दिवस मावळताना परत आली. डब्यात ज्वारी तशीच होती. गिरणीची लाइट गेली म्हणाली. त्याच दुपारी मी आमचं दळण त्याच गिरणीतून आणलं होतं. मी तसं म्हणालेही. ती डबा घेऊन आत गेली, आणि मी विसरून गेले.

अकोल्याचा मुलगा त्या उन्हाळ्यात आला नाही आणि नंतरही नाही. त्याची काही चूक होती असं मी म्हणणार नाही. शिकायला गेला, तिकडंच नोकरीला लागला. धामणगाव बढ्याच्या मुलाचं त्याच वर्षी दुसरीकडे जमलं. ताईसाठी आणखी दोन स्थळं आली, ती त्यांच्याकडून फिसकटली. मग मोठ्या आईला अर्धांगवायू झाला. सहा वर्षं ती अंथरुणावर होती, आणि तिचं सगळं ताईनं केलं. त्या सहा वर्षांत घरात कुणी स्थळाचं नाव काढलं नाही. मोठी आई गेली तेव्हा ताई अठ्ठावीसची होती, म्हणजे आज मी आहे तेवढी. मोठ्या बाबांनी शब्द टाकून पाहिले. बिजवरांची विचारणा झाली. ताई नको म्हणाली. आता ती तेहेतीसची आहे. बायकांचा गट करून पापड करते, तिच्या पापडांना मागणी आहे. लोक म्हणतात, बरं चाललंय. चाललंय बरं. पण तिला संसार हवा होता. हे मला माहीत आहे, कारण माझ्या लग्नात द्यायच्या भांड्यांवर नावं घालून आणायला तीच गेली होती, आणि ती भांडी पुसताना तिचा चेहरा मी पाहिला आहे.

यंदा मे महिन्यात माहेरी जाताना मी संग्रामपूरला उतरले. वाचनालयानं जुनी पुस्तकं काढून टाकायला व्हरांड्यात रचली होती. त्यात तो दुसरा भाग होता, पाठीला वाळवी लागलेला. मागून घेतला. वाटेत मला वाटत होतं, ताईला ही गंमत सांगावी. खरंच गंमतच वाटत होती मला.

दुपारी ती एकटीच ओट्यावर लाटत बसली होती. गटातल्या बायका तिसऱ्या प्रहरी येणार होत्या. मी पुस्तक दाखवलं आणि हसत सांगितलं, "ताई, तव्हा शेवट मी बदलला होता. खऱ्या पुस्तकात तो येतच नाही."

"हाव," ती म्हणाली. लाटणं चालूच होतं. "मले माहीत हाये."

"तू वाचलं होतं?"

"वाचाले कायले लागते? तू पुस्तक तोंडापुढं धरलं होतं ना."

मला क्षणभर काही कळेना. मग आठवलं, त्या दुपारीही खोटं वाचताना पुस्तक सवयीनं वर गेलं होतं.

"मले वाटलं, त्यानं तुह्याजवळ निरोप देल्ला," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "होडीतला मानूस एसटीनं काऊन येईन? चारची गाडी, पुनव. मंग मी समजली. गेली ना मी स्टँडवर. चारची गेली, पाचची गेली. सहाची पन पाह्यली."

"मले काऊन नाही विचारलं गं?" मी म्हणाले. 

"तू लहान होती. तुले कोनी मारलं असतं त." तिनं लाटलेला पापड बाजूच्या सुपात टाकला. "आन् मंग वाटलं, त्यानं निरोप देल्ला आन् फिरला. तुह्यावर कायले आळ घ्यू? इतके वर्षं मले तसंच वाटे. आज समजलं, निरोपच नव्हता."

चौदा वर्षं. चौदा वर्षं तिनं त्याला निरोप देऊन फिरलेला मानलं होतं, आणि त्यानं तर निरोपच दिला नव्हता. मी काय काय हिरावलं ते मी मनात मोजू लागले आणि मध्येच थांबले. धामणगाव बढ्याच्या त्या माणसानं उचललेली बशी डोळ्यांपुढं आली. माफ कर, असं मी म्हणाले असेन. तिनं ऐकलं की नाही, ठाऊक नाही.

"मंग खरं काय लिवलं हाये त्याच्यात?" तिनं विचारलं. "वाच."

मी पुस्तक मांडीवर ठेवून शेवटचं पान वाचलं. शेवटची होडी आली. त्यातूनही तो उतरला नाही. ती उठली आणि घरी गेली. आत्या भांडी घासत होती, तिच्याजवळ बसून तिनं एक पातेलं ओढून घेतलं. चौदाव्या वर्षी मला ज्या पानाचा संताप आला होता, ते पान हेच.

ताईनं नवी लाटी पोळपाटावर घेतली. मग म्हणाली, "एवढंच?"

"एवढंच."

"चांगलं हाये की. उठून घरी त गेली."

माझे डोळे भरून आले होते आणि तिला ते दिसू नयेत म्हणून मी पुस्तक उचलून तोंडापुढं धरलं. लाटण्याचा आवाज थांबला.  मग ताईचा पिठाचा हात पुढं आला आणि तिनं ते पुस्तक हळूच खाली केलं.

"ठेव ते खाली," ती म्हणाली. "आता कोनाचा निरोप यीन मले?"